उतारवयातील बळाचा जमाखर्च

आमचा घाऊक धान्याचा व्यापार गादीवर बसून चालतो. हमाल पोती वाहतो, मालक ती मोजतो. चाळीस वर्षे अशी मोजदाद केल्यावर गतवर्षी ध्यानात आले की, मुनिमाच्या खांद्यावर हात टेकल्यावाचून मला गादीवरून उठताच येत नाही. वयोमानाप्रमाणे हे चालायचेच, असे म्हणून मी मनाचे समाधान करून घेत असे. ते समाधान किती पोकळ होते, हे एका संशोधनाच्या वाचनाने कळले. तोच वृत्तान्त व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहे.

वयाबरोबर स्नायू झिजतात, हे सर्वांस ठाऊक आहे. या झिजेला १९८९ साली अमेरिकेतील डॉ. अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’, म्हणजे मांसक्षय, असे ग्रीक नाव दिले. त्याआधी १९८८ साली स्वीडनमधील यान लेक्सेल व त्यांचे सहकारी यांनी १५ ते ८३ या वयोगटातील ४३ मृत पुरुषांचा मांडीचा स्नायू तपासला होता. विसाव्या वर्षापासून ऐंशीव्या वर्षापर्यंत तो सुमारे ४० टक्के आटतो, असे त्यांना आढळले.

याचे कारण आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मांडीतील शेकडो स्नायुतंतू एकेका मज्जापेशीच्या हुकमतीत असतात. मज्जापेशी हा मुकादम आणि तंतू हे त्याचे हमाल. वार्धक्यात काही मुकादम निवर्ततात. त्यांचे काही हमाल दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत जातात. उरलेले निकामी होतात. त्यातच बसून राहण्याची सवय जडली, म्हणजे उरलेली टोळीही आळसावते.

ही आळसावलेली टोळी पुन्हा कामास लागेल काय, हा प्रश्न डॉ. मारिया फियाटारोन यांनी बोस्टन येथील एका वृद्धसेवा संस्थेत हाती घेतला. सरासरी ९० वर्षे वयाचे १० दुर्बल वृद्ध त्यांनी निवडले. आठवड्यातून तीन वेळा, देखरेखीखाली, पायाने वजन उचलावयाचे; आणि तेही हलके नव्हे, तर ज्याच्या त्याच्या कमाल शक्तीच्या ८० टक्क्यांपर्यंत वाढवीत नेलेले! आठ आठवडे पुरे करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांनी चालताना काठी घेणे सोडले. हा वृत्तान्त १९९० साली प्रसिद्ध झाला.

विशेष असे की, मांडीचा स्नायू सुमारे ९ टक्केच वाढला होता. माल थोडा वाढला आणि बळ मात्र पावणेतीन पट झाले, हे कसे? हमाल फारसे वाढले नव्हते; मुकादमांना हाक देण्याची सवय पुन्हा लागली होती.

पुढे १९९४ साली त्यांनी सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० वृद्धांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांचे बळ ११३ टक्क्यांनी वाढले. व्यायामावाचून नुसता पूरक पौष्टिक आहार घेणाऱ्यांची दुर्बलता मात्र तशीच राहिली. तूर, मूग, हरभरा विकून संसार केलेल्या मजसारख्यास हे कबूल करणे जड जाते. परंतु डाळ घरात भरून ठेवली म्हणून बळ येत नाही. स्नायूंना कसदार अन्न हवे, तसे त्यांना कामही हवे.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. पहिल्या प्रयोगात व्यायाम थांबविताच चार आठवड्यांत कमाल बळ ३२ टक्क्यांनी घटले. दुकान महिनाभर बंद ठेवले तर गिऱ्हाईक तुटते, तसेच हे आहे.

मी डॉक्टरांस प्रकृती दाखवून, त्यांच्या सल्ल्याने, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्याचा अभ्यास आरंभिला. पहिल्या दिवशी तिसऱ्या खेपेस पाय लटपटले. चिकाटी मात्र सोडली नाही. यंदा वहीपूजन आटोपल्यावर मुनिमाने सवयीने खांदा पुढे केला, तेव्हा मी आपण होऊनच उठलो होतो.

बंधूंनो, गादी सोडा असे मी म्हणत नाही. तिच्यावरच आपली पोटे भरली आहेत. परंतु मुद्दल रोज थोडे खेळते ठेवावे, हा आपला जुना धडा आहे. तो देहासही लागू आहे, आणि नव्वदीतही तो गिरविण्यास उशीर झालेला नसतो.