झाडीपट्टीचा रसिकमेळा

आजच्या तरुण मुलामुलींना जपानी चलच्चित्रांचा मोठा नाद आहे. त्या चित्रांना ती ‘ॲनिमे’ म्हणतात. आवडत्या पात्रासारखा वेष करावयाचा, दूरचा प्रवास करून समानशीलांच्या मेळ्यात जावयाचे, तेथे दिवसभर त्याच गोष्टी बोलावयाच्या, असा त्यांचा क्रम असतो. वडीलधाऱ्यांना हे खूळ वाटते. परंतु ते समजून घेण्यासारखे आहे. टोकियो शहरी २१ डिसेंबर १९७५ रोजी चित्रकथांच्या चाहत्यांचा ‘कॉमिकेट’ नावाचा मेळा प्रथम भरला. त्या वेळी काही शेकडा माणसे जमली होती. पुढे ती संख्या लाखांवर गेली. त्या मेळ्याचे एक तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. तेथे गिऱ्हाईक असे कोणी नाही. विकणारा, घेणारा आणि व्यवस्था पाहणारा, तिघेही सहभागीच मानले जातात. आपल्या देशात दिल्लीला २०११ साली ‘कॉमिक कॉन’ नावाचा असाच मेळा सुरू झाला.

आता श्रोत्यांना आमचा प्रश्न असा की, अशा मेळ्यासाठी टोकियो-दिल्लीकडेच पाहावे लागते काय? चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, भंडारा-गोंदियाच्या शेजारात, रसिकांचा असा मेळा दरवर्षी भरतो, आणि तो एका दिवसाचा नसून सबंध हिवाळ्याचा असतो. त्यालाच झाडीपट्टीचे नाटक म्हणतात.

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातील जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख. नाटकाचे सारे गणित या धानात आहे. खरिपाचा हलका धान दिवाळीच्या सुमारास हाती येतो, भारी धान त्यामागून येतो. वर्षभर रिकामा असणारा हात चार पैशांनी ओला होतो. मग भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. ढाल येते, गोवारी नाचतात, लेकी-जावई माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी ही जोडी आहे. हा हंगाम होळीपर्यंत चालतो.

नाटक रात्री दहा-अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत का चालते, असे शहरातील पाहुणा विचारतो. आमच्या मते याचे कारण कलेत नसून वाटेत आहे. पाच-दहा कोसांवरून आलेला पाहुणा मध्यरात्री जंगलातून परत जाणार कसा? एवढ्या माणसांना झोपावयास जागा कोणत्या घरी असणार? तेव्हा उजाडेपर्यंत रंगणारे नाटक हीच त्या पाहुण्याची धर्मशाळा.

या नाटकाचे मूळ दंडारीत आहे. दंडार ही येथील लोकांची जुनी नृत्यनाट्याची रीत. गावातलेच पुरुष गडी सोंगे घेत, स्त्रीचे सोंगही तेच घेत. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या दंडारीचा कसून अभ्यास केला आहे. दुसरीकडे १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले, तेव्हापासून मराठी नाटक मंडळ्यांची परंपरा चालू झाली. संगीत नाटकाची ही गोडी झाडीत पोचली आणि दंडारीच्या अंगणात रुजली. पुढे १९३१ साली बोलपट आला. त्याच्या स्पर्धेत पश्चिम महाराष्ट्रातील मोठमोठ्या नाटक मंडळ्या खचल्या. झाडीतले नाटक मात्र खचले नाही. का? मंडळीला प्रेक्षक शोधावा लागे. येथे मंडईने प्रेक्षक आधीच जमवून ठेवला होता. नाटक येथे सणाचाच भाग असल्याने त्याला बोलपटाशी झुंजावे लागले नाही.

आज या व्यवसायाची पेठ म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा. कागदोपत्री त्याचे नाव देसाईगंज. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे स्थानक असल्याने नागपूरकडून येणाऱ्या कलावंतालाही ते सोयीचे पडते. हंगामात येथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या उघडतात. गावोगावची मंडळे येथे येतात, नाटक ठरवितात, तारीख घेतात, विसार देतात. पडदे, दिवे, ध्वनिक्षेपक, वादक आणि नट घेऊन कंपनी गावी जाते. तिकिटे लावणे, कनात उभारणे, बंदोबस्त ठेवणे ही कामे गावचे मंडळ करते. तोटा आला तर तो मंडळाच्या माथी. नफा उरला तर अनेक गावांत तो गावकामी लागतो. टोकियोच्या मेळ्याचे तत्त्व आम्हांस मोलाचे वाटते ते यासाठी. आमच्या खेड्यांतही रसिक हा नुसता गिऱ्हाईक नाही. तो मेळ्याचा धनी आहे.

आणि विषय तरी कोणते? हुंडा, दारू, भाऊबंदकी, शेतकऱ्याची आत्महत्या. मधूनमधून लावणी आणि विनोद असतो, त्यावर शहाणी माणसे नाके मुरडतात. परंतु ज्याच्या घरावर कर्ज आहे असा माणूस पदरचे पैसे देऊन कर्जाचेच नाटक पाहतो आणि रडतो, हे साधे नव्हे. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष इकडे वळले.

पण मेळ्याचा आधार किती नाजूक असतो, हेही याच इतिहासाने दाखविले. २०११ साली केंद्र सरकारने बैलाला खेळात वापरण्यास मनाई केली आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पट बंद झाला म्हणजे पटाला येणारा पाहुणा कमी झाला, आणि पाहुणा कमी झाला की रात्रीचे तिकीटही कमी खपणार, हे उघड आहे. राज्याने २०१७ साली कायदा केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा मान्य केला. मुक्या जनावराचा छळ होऊ नये ही मागणी योग्यच आहे. मात्र दिवसाच्या खेळावरचा निर्णय रात्रीच्या मजुरीपर्यंत जातो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मध्यंतरी मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तिच्या सावटाने पुढचा हंगामही झाकोळून गेला.

‘रात्रीची मजुरी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, त्यामुळे रंगमंच पाहतानाही पडद्याची दोरी ओढणारा हात आम्हांस आधी दिसतो. नट, नटी, तबलजी, हार्मोनियमवाला, प्रॉम्प्टर, रंगभूषाकार, दिवेवाला, गाडीचा चालक, अशी कितीतरी माणसे एका प्रयोगामागे असतात. ती रात्रभर जागतात, पहाटे गाडीत बसतात, दुपारी दुसऱ्या गावी उतरतात. घाटावळणाच्या रस्त्यावर गाडी उलटली तर औषधपाण्याची सोय कोणती? आजारी नटीचा रोज कोण देतो? होळीनंतर काय? कोणी शेतावर जातो, कोणी तेंदूपत्ता तोडावयास जातो, कोणी शहरात मजुरी धरतो. हंगामी साखर कामगाराला निदान हंगामी कामगार म्हणून नाव आहे. या माणसाला आपण ‘कलावंत’ म्हणतो आणि तेवढ्यावर मोकळे होतो. कलावंत हे नाव गौरवाचे आहे, पण त्या नावावर दवाखान्यात औषध मिळत नाही.

असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. म्हाताऱ्या कलावंतांसाठी राज्याची मानधनाची योजनाही आहे. परंतु योजना कागदावर असणे आणि ती वडशाच्या कचेरीत बसलेल्या तबलजीपर्यंत पोचणे, यांत मोठे अंतर असते. ते अंतर संघटनेनेच कापावे लागते.

यासाठी फार मोठा खटाटोप नको. गावचे मंडळ कंपनीशी करार करते, त्याच करारात तीन ओळी अधिक घालता येतील: प्रत्येकाचा रोज प्रयोगाच्या रात्रीच चुकता व्हावा, प्रवासाचा विमा असावा, आणि स्त्री कलावंतांना कपडे बदलण्यास बंद खोली मिळावी. यासाठी तिकिटावर एखाद-दोन रुपये चढले तर रसिक कुरकुरणार नाही, असा आमचा अनुभव सांगतो. शंभर रुपयांचे तिकीट काढणाऱ्याला त्यातले दोन रुपये कोठे जातात, एवढेच कळले पाहिजे.

येत्या दिवाळीनंतर आपल्यापैकी अनेकजण नाटकाला जातील. मुलांनाही बरोबर न्यावे, त्यांनाही या मेळ्याची ओळख पटेल. परंतु जाण्यापूर्वी आपल्या गावच्या मंडळाने या तीन ओळी करारात घातल्या की नाही, एवढे विचारून जावे. मेळ्याचे धनी आपण आहोत. तेव्हा त्या मेळ्यात राबणाऱ्यांचा हिशेब पाहणेही आपलेच काम आहे.