अंगावर पाजते म्हणून दिवस जात नाहीत?

"डॉक्टर, अजून पाळीच सुरू झाली नाही, मग दिवस कसे जातील?" पंचवीस-सव्वीस वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. विचारणारी बाई आठ-दहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन आलेली असते. सोबतच्या सासूबाई किंवा आई मान डोलावतात, "अंगावरचं दूध तुटेपर्यंत काही होत नाही, आमच्या वेळी असंच होतं."

ही समजूत अगदीच खोटी नाही, म्हणून तर ती टिकून आहे. बाळ स्तन चोखते तेव्हा आईच्या मेंदूकडे संदेश जातो, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि बीजकोशाला चालना देणाऱ्या संप्रेरकांचे चक्र मंदावते. बीज तयार होऊन बाहेर पडत नाही, म्हणून पाळी येत नाही आणि गर्भही राहत नाही. मात्र या संरक्षणाला तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी आणि बाळ फक्त आईच्या दुधावर हवे. फक्त म्हणजे फक्त. वरचे दूध नाही, ग्राइपवॉटर नाही, गुटी नाही. दिवसा दोन पाजण्यांत चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये. तिन्ही अटी नीट पाळल्या तर पहिल्या सहा महिन्यांत शंभरातील जेमतेम दोघींना दिवस जातात. पण एक अट मोडली की हा भरवसा संपला.

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होते. मामा चांदीच्या वाटीतली खीर भरवतो, घरात आनंद असतो. बाळाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करायलाच हवे. पण आईच्या दृष्टीने त्या दिवसापासून दुधाचे संरक्षण संपले असे समजावे.

आता "पाळी नाही तर दिवस कसे जातील" या प्रश्नाकडे वळू. बीज आधी सुटते, पाळी त्यानंतर साधारण चौदा दिवसांनी येते. बाळंतपणानंतरचे पहिले बीज कधी सुटणार याची सूचना शरीर देत नाही. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. त्या सुमारास संबंध आला तर गर्भ राहतो आणि पाळी येतच नाही. बाई आणि घरचे समजतात की दुधामुळे पाळी लांबली आहे.

खरा धोका इथे आहे. एरवी पाळी चुकली की बाई सावध होते, इथे चुकायला पाळीच नसते. मागे एका वस्तीवरची बाई "पोटात वायुगोळा फिरतो" म्हणून आली. मूल नऊ महिन्यांचे. पोट तपासले तर गर्भाशय बेंबीपर्यंत आलेले, म्हणजे पाचवा महिना. फिरत होते ते बाळ. हिमोग्लोबिन सात. पहिल्या बाळंतपणात गेलेले रक्त भरून निघायच्या आत दुसऱ्याची मागणी सुरू झाली होती. अशा वेळी आईचा पंडुरोग वाढतो, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यात किमान दोन वर्षांचे अंतर असावे. (जाता जाता: "पोटुशीचे दूध बाधते" म्हणून कडेवरचे मूल एकदम तोडतात. बहुतेकींच्या बाबतीत त्याची गरज नसते. डॉक्टरांना विचारावे.)

आपल्याकडची आणखी एक रीत लक्षात घ्यायला हवी. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सून तीन-चार महिन्यांनी सासरी येते. बाळंतविडा, बाळाचे बाळसे सगळ्याची चौकशी होते, पण पुढचे काय ठरवले हे कोणी विचारत नाही. ते माहेरून निघण्यापूर्वीच ठरवायला हवे. बाळ वरच्या दुधावर असेल किंवा दुर्दैवाने दगावले असेल, तर चौथ्या आठवड्यातही बीज सुटू शकते. अशांनी तिसऱ्या आठवड्यापासूनच काळजी घ्यावी.

साधने पुष्कळ आहेत. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत किंवा मग सहा आठवड्यांनी बसवता येते. कॉपर-टी 380 ए दहा वर्षे काम देते आणि तिने दूध आटत नाही. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते, पाजणाऱ्या आईला ते सहा आठवड्यांनंतर चालते. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, घाबरू नये. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला मात्र सात ते दहा महिने लागू शकतात. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या या गोळीत संप्रेरके नाहीत, दुधावर परिणाम नाही. 'माला-एन'सारख्या रोजच्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकते, बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत त्या नकोत. आणि निरोध तर नवऱ्याने वापरायचा असतो, त्यासाठी बायकोच्या तब्येतीची सबब चालत नाही! ही सगळी साधने सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

मूल कडेवर आहे, पाळी नाही आणि मळमळ, जडपणा किंवा पोटात हालचाल वाटते, तर औषधाच्या दुकानातून पाळी आणण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. आधी लघवीची तपासणी करा.

बाळाची दीड महिन्याची लस सहा आठवडे पूर्ण झाल्यावर असते, म्हणजे तांबी आणि 'अंतरा' सुरू करण्याचीही तीच वेळ. त्या दिवशी बाळाच्या कार्डाबरोबर स्वतःचाही केसपेपर काढा आणि जमल्यास नवऱ्याला सोबत आणा. आशाताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवले तर त्या सिस्टरशी गाठ घालून देतात.