हुकूम पोचला का?

बँकेत पाऊल टाकले की छताजवळचा कॅमेरा दिसतो आणि आपल्याला वाटते, कुणाची तरी नजर आहे बरं का! आतल्या खोलीत पडद्यासमोर बसलेल्या माणसालाही चित्र दिसत असते, आणि त्यालाही वाटते, आपली नजर सगळीकडे आहे. या दोन्ही समजुती खऱ्या ठरतात की नाही, हे पुष्कळदा एका साध्या पत्र्याच्या पेटीवर अवलंबून असते. तंत्रज्ञ तिला ‘डेटा लाइन डिस्ट्रिब्यूशन युनिट’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘वाटप पेटी’ म्हणू.

जुन्या धाटणीचे फिरते कॅमेरे अजूनही अनेक इमारतींत आहेत. त्यांच्यात गंमत अशी, की चित्र येते एका वाटेने आणि हुकूम जातो दुसऱ्याच वाटेने. चित्रासाठी टीव्हीच्या केबलसारखी जाड तार. ‘डावीकडे वळ’, ‘जवळून दाखव’ या हुकमांसाठी एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारा. हा पीळ उगाच नसतो. बाहेरच्या विजेचा उपद्रव दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो, आणि पलीकडचे यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचते. म्हणून उपद्रव आपोआप वजा होतो. अशा पिळाच्या तारांचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली टेलिफोनसाठी घेतले होते.

हुकमाचा प्रवास बँकेतल्या माणसाला चटकन समजेल. मुख्य कचेरीतून परिपत्रक निघते, ते सगळ्या शाखांना जाते, पण ज्या शाखेचा क्रमांक वर लिहिला असेल तीच त्यावर कारवाई करते. इथेही तसेच. प्रत्येक कॅमेऱ्याला क्रमांक दिलेला असतो. ‘सात नंबर, उजवीकडे’ हा हुकूम सर्वांच्या कानी पडतो, वळतो फक्त सातवा.

मग पेटी कशाला? आरएस-४८५ या १९८३ सालच्या मानकाप्रमाणे अशा एका जोडतारेवर साधारण ३२ यंत्रे आणि सुमारे १,२०० मीटर अंतर झेपते. पण तार एका कॅमेऱ्याकडून दुसऱ्याकडे अशी रांगेत जायला हवी. प्रत्यक्षात इमारत रांगेत नसते. एक कॅमेरा तिजोरीपाशी, दुसरा फाटकावर, तिसरा मागच्या जिन्यात. एकाच ठिकाणाहून नुसते फाटे फोडले तर संदेश तारांच्या टोकांवर आपटून परततात आणि विहिरीत हाक मारल्यासारखा घुमारा होतो. वाटप पेटी जावक कारकुनाचे काम करते: आलेला एक हुकूम घेते, त्याच्या ताज्या प्रती काढते आणि प्रत्येक फाट्यावर वेगळी प्रत रवाना करते. त्यामुळे एका फाट्याची तार उंदराने कुरतडली, तरी बाकीचे चालू राहतात.

ती बसवताना घाई नडते. आधी वीज बंद. दोन तारांची अदलाबदल नको. झाली तर चित्र झकास दिसते आणि कॅमेरा ढिम्म हलत नाही. प्रत्येक फाट्याच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रोधक लावायचा, म्हणजे घुमारा थांबतो. तारेवरचे जाळीदार कवच एकाच बाजूला अर्थिंगला जोडायचे. विजेच्या तारांपासून अंतर ठेवायचे. दोन कॅमेऱ्यांना चुकून एकच क्रमांक दिला, तर एका हुकमावर दोघे वळतात! शेवटी प्रत्येक फाट्याचे नाव चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवायचे. पाच वर्षांनी येणारा कारागीर दुवा देईल.

खरी मेख मात्र पुढे आहे. यातल्या बहुतेक व्यवस्थांत हुकमाची पोच परत येत नाही. कॅमेरा वळला, हे पडद्यावर डोळ्यांनी पाहूनच कळते. म्हणजे महिनाभर कुणी कळ फिरवलीच नाही, तर भिंतीकडे तोंड करून बसलेला कॅमेराही ‘चालू’च समजला जातो! चोरी झाल्यावर मग सगळे चित्रण मागायला धावतात.

म्हणून पाळी बदलताना प्रत्येक कॅमेरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहावा आणि वहीत सही करावी. तिजोरी रोज दोन किल्ल्यांनी, दोघांच्या साक्षीने उघडणाऱ्या बँकेला ही शिस्त नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला, तेव्हा ते चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर टाकली. नुसते यंत्र नव्हे, त्याला उत्तरदायी माणूसही हवा, हे त्यामागचे शहाणपण.

नव्या कॅमेऱ्यांत चित्र आणि हुकूम एकाच नेटवर्कच्या केबलमधून जातात आणि ते उत्तरही देतात. पण ते उत्तर वाचायला खुर्चीत कुणीतरी जागे असावे लागतेच. आपल्या सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा असेल, तर येत्या सभेत एवढेच विचारा: तो शेवटचा कधी तपासला, आणि सही कुणाची आहे?