माणगांवच्या कचेरींतील शिपाई

पेणहून दक्षिणेस निघालेला प्रवासी नागोठणें, कोलाड मागें टाकून रोहें तालुक्याची हद्द ओलांडतो, तों माणगांव येतें. तेथील तहसील कचेरीच्या आवारांत एका शिपायाचा पुतळा उभा आहे. उताऱ्यासाठीं वा दाखल्यासाठीं खेटे घालणाऱ्या शेतकऱ्यांस तो जातां-येतां दिसतो. युद्धस्मारकास ही जागा कोणास गैर वाटेल. वस्तुतः याहून योग्य जागा मिळणें कठीण. उद्यानांतल्या स्मारकाकडे मुद्दाम जावें लागतें. हें नित्याच्या वाटेवर आहे.

पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे ते; ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३ ऱ्या पलटणींत होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, त्यांच्या कंपनीनें शत्रूच्या बळकट ठाण्यावर चढाई केली. अगदीं जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्या तुकडीचा एकूणएक शिपाई मेला किंवा जखमी झाला. एकटे उरलेले घाडगे तसेच धांवून गेले. हातबाँबनें त्यांनीं तोफ व तोफची निकामी केला, दुसऱ्यास गोळी घातली. मॅगझिन बदलण्यास अवधि नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्यानें ठार केलें. जिंकलेल्या त्याच ठाण्यांत लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं ते पडले. वय अवघें बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधि मात्र कोठें असल्याचें ज्ञात नाहीं. कासिनो येथील स्मारकावर केवळ नांव कोरलेलें आहे. ज्याची समाधि नाहीं, त्याच्यासाठीं पुतळा ही नुसती शोभा राहत नाहीं.

या स्मरणांत एक अवघड गांठहि आहे. घाडगे पडले तेव्हां पंडित नेहरू आदि पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते, आणि हा शिपाई त्यांना बंदींत टाकणाऱ्या सरकारच्या सैन्यांत लढत होता. स्वातंत्र्यानंतर अशांची आठवण कोणत्या नांवानें ठेवावी? पुतळा याचें उत्तर देत नाहीं. तो तालुक्याचा मुलगा एवढेंच ओळखतो.

तिकडे इटलींतील मोंतोने गांवानेंहि २०२३ सालीं त्यांच्या नांवें छायायंत्र उभारलें. सर्व एकाच सूर्याखालीं आहेत, असें त्याचें ब्रीद. इटलीच्या मोहिमेंत ५,७८२ भारतीय सैनिक कामास आले. त्यांपैकीं बहुतेकांच्या तालुक्याच्या कचेरींत असा पुतळा नाहीं.