ट्यूबचा चोक आणि विजेचा दाब



पंप चालू असले की वस्तीवरची ट्यूब लागता लागत नाही, नुसती फडफडते. पंप बंद झाले की तीच लख्ख पेटते आणि चोक घूं-घूं करू लागतो. पुष्कळजण म्हणतात, "ट्यूबच गेली," आणि नवी आणतात. दोष बहुधा ट्यूबचा नसतो, विजेच्या दाबाचा असतो.

चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तार. ट्यूब पेटताना तो जोराचा झटका देतो आणि पेटल्यावर प्रवाहाला लगाम घालतो. चार फुटी ४० वॅटची ट्यूब स्वतः शंभरेक व्होल्टच घेते. बाकीचा दाब चोक पेलतो. त्यामुळे २३० चे २६० व्होल्ट झाले, तर वाढीव भार सगळा चोकवरच पडतो. मर्यादेपुढे गाभ्याची ताकद संपते, लगाम सैल होतो, प्रवाह भराभर वाढतो आणि चोक तापतो. तारेवरच्या लेपाचे आयुष्य सुमारे १० अंश जादा उष्णतेने निम्म्यावर येते.

दाब कमी असला म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. स्टार्टर सारखा टकटक करतो, ट्यूबची टोके काळी पडतात, चोकही तापतो. फडफडणारी ट्यूब बंद करावी.

सर्वात मोठा धोका गोठ्यात. वर चोक, खाली कडबा नि पाचट! चोक जळून ठिणगी पडली, तर दावणीची जनावरे सोडायलाही वेळ मिळायचा नाही. म्हणून एवढे कराच :

१) ट्यूबची पट्टी वैरणीवर लावू नका. करपट वास आला की चोक बदला.

२) वायरमनकडून पंप चालू असताना आणि बंद असताना, असा दोनदा दाब मोजून घ्या. तो नेहमीच जास्त असेल, तर आकडे लिहून वीज कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या.

३) सोडियम दिव्याच्या काही चोकला २२० आणि २४० अशी वेगळी टोके असतात. दाब जास्त राहत असेल तिथे २४० चे टोक जोडा.

४) थ्री-फेज जोडणीत एका खोलीत दिवा मिणमिणता, दुसरीत भगभगीत दिसला, तर न्यूट्रल सैल झाल्याची शंका घ्या. दाब ३०० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. मेन स्विच तात्काळ बंद करा.

५) एल.ई.डी. ट्यूब बसवताना जुना चोक ठेवायचा की काढायचा, हे खोक्यावरची आकृती पाहूनच ठरवा.

चोक पुन्हा विकत मिळतो. जळालेला गोठा मिळत नाही.