नीरक्षीरविवेक

रायपूर शहराचा सर्वांत जुना भाग म्हणजे पुरानी बस्ती. अरुंद गल्ल्या, महामाया देवीचे मंदिर आणि भोवतालचे तलाव ही या वस्तीची ओळख. याच परिसरात दूधाधारी मठ आहे. छत्तीसगडावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि त्या घराण्याचा आश्रय या मठाला लाभला. मठाचे महंत बलभद्रदास हे केवळ दुधावर राहत. म्हणून ‘दूधाधारी’ हे नाव रूढ झाले, अशी आख्यायिका आहे.

परंतु ‘केवळ दूध’ म्हणजे केवळ एक पदार्थ नव्हे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दूध हे मिश्रण आहे, आणि मिश्रणांचे बहुतेक प्रकार त्या एकाच भांड्यात पाहावयास मिळतात.

मिश्रण कशास म्हणावे? पाणी हे हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे. पाणी रायपूरचे असो वा रत्नागिरीचे, त्यात या दोहोंचे वजनी प्रमाण १ : ८ असेच असते, आणि घटकांचे मूळ गुण त्यात उरत नाहीत. मिश्रणाला असे बंधन नाही. त्यातील घटक आपापले गुण राखून एकत्र नांदतात आणि त्यांचे प्रमाण हवे तसे बदलू शकते. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असतो. तरी दोहोंना दूधच म्हणतात.

दुधातील साखर व काही क्षार पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असतात. हे झाले द्रावण. त्याचा कोणताही थेंब घेतला तरी घटकांचे प्रमाण सारखेच. म्हणून ते समांगी मिश्रण होय. केसीन या प्रथिनाचे कण मात्र विरघळत नाहीत आणि खालीही बसत नाहीत. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असे हे कण पाण्यात तरंगत राहतात. अशा मिश्रणास कलिल म्हणतात. थॉमस ग्रॅहॅम या शास्त्रज्ञाने १८६१ मध्ये या वर्गाला स्वतंत्र नाव दिले. कलिलातून प्रकाशाचा झोत सोडला, तर त्याची वाट उजळलेली दिसते. मिठाच्या स्वच्छ द्रावणात ती दिसत नाही. दुधातील स्निग्धांशाचे थेंब याहून मोठे असतात. एका द्रवात दुसऱ्या न मिसळणाऱ्या द्रवाचे थेंब पसरले की पायस तयार होते. थेंब हलके असल्याने हळूहळू वर येतात, आणि तीच दुधावरची साय.

प्रमाणाचे बंधन नसणे हेच भेसळीचे मूळ आहे. शुद्ध दूध पाण्यापेक्षा सुमारे तीन टक्के जड असते. त्यात पाणी घातले की ते हलके होते आणि दुग्धमापक ते दाखवितो. परंतु साय काढून घेतली की दूध उलट जड होते. म्हणून आधी साय काढावी आणि मग बेताने पाणी घालावे, म्हणजे दुग्धमापकाचा आकडा जागच्या जागी! यासाठी घनतेबरोबर स्निग्धांशही मोजावा लागतो. हंस नीर आणि क्षीर वेगळे करतो असा कविसंकेत आहे. माणसाला मात्र ते काम मापनानेच करावे लागते.

आता दुधाकडून पाण्याकडे वळू. पुरानी बस्तीला लागूनच बूढा तालाब आहे. विवेकानंदांचे बालपण १८७७ ते १८७९ या काळात या भागात गेले, म्हणून त्याला विवेकानंद सरोवर असेही म्हणतात. कोणत्याही तलावाचे पावसाळ्यातील गढूळ पाणी घागरीत भरून ठेवावे. वाळू लगेच तळाशी बसते, कारण ते निलंबन आहे. अतिसूक्ष्म चिकणमाती मात्र कित्येक दिवस तरंगत राहते. तिच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो. त्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात. पाण्यात तुरटी फिरविली की तिच्यातील ॲल्युमिनिअमचा धन भार हा ऋण भार नाहीसा करतो, कण एकत्र येतात आणि त्यांचे गोळे खाली बसतात. आजीबाईंची तुरटी म्हणजे कलिल मोडण्याची रीतच होती.

येथवर डोळ्यांवर विसंबता येते, पुढे नाही. निवळलेल्या पाण्यात रोगजंतू असू शकतात. उकळल्याने ते मरतात, परंतु विरघळलेले क्षार तसेच राहतात. छत्तीसगडातीलच कौडीकसा या गावाचे उदाहरण बोलके आहे. पूर्वी राजनांदगाव जिल्ह्यात असलेल्या या गावाच्या भूजलात आर्सेनिक, म्हणजे सोमलातील विषारी मूलद्रव्य, असल्याचे १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे विष कारखान्याचे नव्हे, भूगर्भातील खडकांतून उतरलेले. पाणी दिसावयास नितळ, चवीला निर्दोष. आणि दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या त्वचेवर मात्र डाग व गाठी. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही आर्सेनिकची मर्यादा मानली आहे, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! फडक्याने गाळून ते जात नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि विषाचे प्रमाण वाढते. लोहाच्या ऑक्साइडसारख्या पदार्थावर ते चिकटवून वेगळे करावे लागते, किंवा दुसरीकडून पाणी आणावे लागते.

मिश्रणांचे प्रकार हा शालेय पुस्तकातील पाठ खरा. परंतु त्याचा उपयोग घरोघरी आहे. निलंबनास गाळणे, कलिलास तुरटी, द्रावणास त्याच्या घटकाप्रमाणे निराळा इलाज. प्रकार ओळखल्यावाचून उपाय ठरत नाही. आणि द्रावणाचा प्रकार डोळ्यांस दिसत नसल्याने, नव्या विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी पिण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घेणे हाच खरा नीरक्षीरविवेक होय.