लेन्स घ्यायची ती मांडव पाहून

हातातली कामं आटोपली असतील तर निवांत बसा, नसतील तर काम चालू ठेवून ऐका.

शेळ्या, शिलाई, पापड, गिरणी या कामांसोबत आता गटांच्या बैठकीत एक नवी मागणी येते आहे. मुली आणि सुना म्हणतात, "ताई, लग्नाचे फोटो काढायचे आहेत. कॅमेऱ्याला कर्ज मिळेल का?" आणि त्यामागून दुसरा प्रश्न येतो, "लेन्स कुठली घ्यायची?" कर्जाचं उत्तर तुमचा गट देईल. लेन्सचं आज बोलू, कारण या धंद्यात पैसा अडकतो तो लेन्समध्येच.

धंदा चांगला आहे. हळद, मेंदी, चुडा, नवरीची तयारी, ही सगळी बायकांची जागा. तिथं पुरुष फोटोवाला आला की नवरी अवघडते, आत्या-मावश्या पदर सावरत बसतात. आपली बाई मात्र सहज आत जाते. पण हिशेबही पाहा. मुहूर्त सुरू होतात तुळशीच्या लग्नानंतर, आणि आषाढीपासून चातुर्मास लागला की बहुतेक घरांत लग्नं थांबतात. कर्जाचा हप्ता चातुर्मास पाळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं विकत घ्यायचं नाही.

कॅमेऱ्याचे दोन भाग असतात. मागची पेटी, तिला बॉडी म्हणतात, आणि पुढचा भाग, ती लेन्स. दुकानात लोक आधी बॉडीच्या मेगापिक्सेलचा आकडा विचारतात. पण समोरचं किती मावणार आणि उजेड किती आत येणार, हे लेन्स ठरवते. म्हणून लेन्स घेताना दोनच प्रश्न विचारायचे. मी किती अंतरावर उभी राहणार? आणि तिथं उजेड किती असणार?

आधी अंतराचं बघू. लेन्सवर १८-५५, ५०, ७०-२०० असे मिलिमीटरचे आकडे असतात. आकडा लहान तर जास्त पसारा मावतो, आकडा मोठा तर लांबचं जवळ दिसतं. नवशिक्या घेतात त्या बहुतेक कॅमेऱ्यांत आतला सेन्सर साधारण २३ मिलिमीटर रुंद असतो. अशा कॅमेऱ्यानं १० फुटांवरून आडवा फोटो काढला, तर १८ मिलिमीटरला जवळजवळ साडेबारा फूट रुंदीचं दृश्य मावतं. ३५ ला साडेसहा फूट, आणि ५० ला जेमतेम साडेचार फूट.

आता हे आपल्या घरात लावून बघा. नवरी तयार होते ती खोली साधारण दहा बाय बाराची, त्यात ट्रंक, कपाट आणि आठ बायका. ५० च्या लेन्सनं नवरीचा डोक्यापासून पायापर्यंत उभा फोटो घ्यायचा तर १२-१३ फूट मागं जावं लागतं. तुम्ही भिंतीला टेकाल तरी पाय कापले जातील. मांडवातही तेच. अंतरपाट दूर झाला की सगळे पुढं सरकतात आणि तुम्हाला जागा मिळते सहा-सात फुटांची. तिथं १८ चा आकडाच कामाला येतो.

पण १८ ची एक खोड आहे. फोटोच्या काठावर जो उभा असतो तो ताणला जातो. काठाला उभी असलेली करवली फोटोत जाड दिसते आणि वर्षभर बोलून दाखवते. चेहऱ्याजवळ जाऊन १८ नं फोटो काढला तर नाक मोठं येतं. म्हणून पसारा दाखवायला लहान आकडा वापरा, माणसं शक्यतो मधे घ्या. चेहऱ्यासाठी ५० च्या आसपास या आणि दोन पावलं मागं उभ्या राहा.

आता उजेड. लेन्सच्या आत एक भोक असतं, आपल्या डोळ्यातल्या बाहुलीसारखं लहान-मोठं होणारं. त्याचा आकडा एफ लावून लिहितात, एफ १.८, एफ २.८, एफ ५.६. हा आकडा उलटा चालतो. आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि उजेड जास्त. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ मधून चौपट उजेड येतो. एफ १.८ मधून जवळपास दहापट.

या दहापटीची किंमत गोरज मुहूर्ताला कळते. मंगलाष्टका सुरू होतात तेव्हा आकाशात उजेड असतो, संपतात तेव्हा मांडवात दिवे लागलेले असतात. समजा एफ ५.६ वर कॅमेऱ्याला फोटोसाठी सेकंदाचा विसावा भाग लागतो आहे. तेवढ्या वेळात अक्षता टाकणारे हात हलतात, फोटोत नुसते फराटे उमटतात. तोच फोटो एफ १.८ वर सेकंदाच्या साधारण दोनशेव्या भागात निघतो आणि हात जागच्या जागी दिसतात. काही लेन्समध्ये हात स्थिर ठेवायची सोय असते. ती तुमचा हात हलला तर सांभाळून घेते, समोरची माणसं हलली तर तिचा उपयोग नाही. कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवूनही भागवता येतं, पण फार वाढवला की फोटोत रव्यासारखे दाणे दिसतात. आणि मैत्रिणींनो, अक्षता पुन्हा टाकायला सांगता येत नाहीत.

हे दोन प्रश्न समजले की लेन्स ओळखणं सोपं आहे.

पहिली किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५. तिला नावं ठेवणारे बरेच भेटतील. ऐकू नका. दिवसाची हळद, अंगणातला देवक, जेवणाची पंगत, ग्रुप फोटो, एवढं ती व्यवस्थित करते. रोजच्या कामालाही तीच. गटाच्या बैठकीचा फोटो, विक्रीसाठी चटणी-गोधडीचा फोटो, शाळेचं स्नेहसंमेलन. तिची अडचण उजेडाची आहे. ५५ वर गेलं की ती एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही.

दुसरी, ५० मिलिमीटर एफ १.८. फोटोवाले तिला नुसतं "फिफ्टी" म्हणतात. तिच्यात झूम नाही, जवळ-लांब करायचं तर पायानं चालायचं. पण वजनाला हलकी, मोठ्या लेन्सच्या मानानं स्वस्त, आणि कमी उजेडात कामाची. मेंदीचे हात, मुंडावळ्या बांधलेला चेहरा, आईचे भरलेले डोळे, यासाठी ती घ्या. तुमचं काम जास्त करून घरातल्या छोट्या खोल्यांत असेल, तर ५० ऐवजी ३५ एफ १.८ आपल्या कॅमेऱ्याला मिळते का ते विचारा.

झूम नसेल तर कसं जमेल, असं वाटतं ना? होमाई व्यारावाला यांचं नाव लक्षात ठेवा. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड सामान वाहून त्यांनी काम केलं. त्या वापरत त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नव्हती आणि तिला झूमही नव्हता. योग्य जागी वेळेवर जाऊन उभं राहणं, हाच त्यांचा झूम. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

तिसरी, १७-५० एफ २.८ सारखी लेन्स. किटसारखाच पसारा आणि झूम, पण पूर्ण झूमभर एफ २.८ चा उजेड. लग्नात लेन्स न बदलता दिवसभर काम करायचं तर हीच खरी. महाग पडते, म्हणून ती कमाईतून घ्यायची.

चौथी, ७०-२०० एफ २.८. मांडवाच्या मागून, ३० फुटांवरून २०० वर साडेतीन फूट रुंदीचं दृश्य भरतं, म्हणजे स्टेजवरचे नवरा-नवरी तेवढे. वजन दीड किलोच्या आसपास, नवी घ्यायची तर कित्येकदा लाखाच्या पुढं. ही लेन्स शहरात दिवसाच्या भाड्यानं मिळते. ऑर्डर मोठी असेल तेव्हा भाडं पकडूनच दर सांगा.

दुकानदार कधी कधी दोन लेन्सचा जोड दाखवतो, १८-५५ आणि सोबत ५५-२५० किंवा ७०-३००. दुसरी लेन्स दिवसा उजेडी छान चालते, खेळाच्या स्पर्धा किंवा शेतातले पक्षी. पण तिचं भोक लहान, रात्रीच्या मांडवात ती अडते. तेवढा फरक वाचवून फिफ्टी किंवा फ्लॅश घेतलेला बरा. फ्लॅशचा उजेड समोरच्यावर थेट न टाकता पांढऱ्या छतावर टाकला तर चेहरे मऊ दिसतात. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर मात्र तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. तिथं हा उपाय करू नका.

फिफ्टी हातात आली की एक मोह होतो, सगळं एफ १.८ वर काढायचा. मागचं धूसर होतं, फोटो सिनेमासारखा वाटतो. पण नवरा-नवरी थोडे मागं-पुढं उभे असतील तर एकाचाच चेहरा स्पष्ट येतो. दोघांसाठी एफ २.८ किंवा ४ वर या. तीन रांगांचा ग्रुप असेल तर एफ ५.६ किंवा ८ लावा, नाहीतर पुढची रांग स्पष्ट आणि मागच्या रांगेतली सगळी भावकी धुक्यात.

जुनी लेन्स घेणार असाल तर घाई करू नका. आपला कॅमेरा सोबत न्या. प्रत्येक कंपनीची बसणी वेगळी असते, निकॉनची लेन्स कॅननला थेट बसत नाही. त्याच कंपनीची असूनही अडचण येते. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाहीत. एएफ-एस पाहून घ्या. मग मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी नको. जवळचा एक, लांबचा एक असे फोटो तिथंच काढून मोठे करून बघा. रिंग अडकते का, आतून खुळखुळ आवाज येतो का, तेही बघा. पावती मागा, गटाच्या वहीला ती लागतेच.

घेतलेली लेन्स पावसाळ्यात जपायची. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तांदळात पुरू नका, त्याचा कोंडा रिंगमध्ये शिरतो. काच पदरानं पुसू नका. आधी रबरी पंपानं धूळ उडवा, मग लेन्सचं मऊ कापड. लेन्स बदलायची तर हळदीची उधळण आणि वरातीची धूळ यांच्यापासून लांब, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून.

आता पैसे न घालता करायची एक परीक्षा सांगते. कुणाकडे १८-५५ असेल तर तिची रिंग ५० वर ठेवून चिकटपट्टी लावा. आठ दिवस घरात, अंगणात, बैठकीत फक्त तेवढ्यावर फोटो काढा. सारखं मागं सरकावं लागलं तर तुम्हाला ३५ हवी. चेहरे मनासारखे आले तर ५० घ्या. आणि ऑर्डर मिळाली की लग्नाच्या आदल्या दिवशी, मुहूर्ताच्याच वेळेला मांडवात जाऊन या. आपण उभ्या कुठं राहणार ते ठरवा, पावलं मोजा, उजेड बघा. तिथंच कळतं कोणती लेन्स लावायची.

गटानं कर्जाचा ठराव करताना हा क्रम लिहून घ्यावा. पहिल्या कर्जात बॉडी, किट लेन्स, एक जादा बॅटरी आणि दोन मेमरी कार्ड. घरच्या आणि ओळखीच्या चार-पाच कार्यक्रमांत हात बसला की फिफ्टी किंवा ३५, आणि फ्लॅश. एक लग्नसराई पार पडून हप्ते वेळेवर गेले तर १७-५० चा विचार. ७०-२०० भाड्यानं. दोन गावांच्या गटांनी मिळून एक लेन्स घेतली तरी चालेल, फक्त तारखांची वही ठेवा. एकाच तिथीला दोन्ही गावांत लग्न निघतंच.

पुढच्या बैठकीत ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी आपल्या गावातल्या एका मांडवाची किंवा सभागृहाची माहिती आणावी. स्टेजपासून किती फुटांवर उभं राहता येतं, संध्याकाळी दिवे कसे असतात, नवरीची खोली केवढी आहे. तेवढ्यावर आपण बसून प्रत्येकीची यादी करू.